मोठ्या बाईंचे कुरळे केस

आईचे केस गेले आणि परत आले ते बाबांचे होऊन आले.

केमोच्या सहा फेऱ्यांत तिचं डोकं अंड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही. आयुष्यातली चौतीस वर्षं तिने शाळेत काढली. त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई. त्यामुळे टक्कल ही गोष्ट तिने इन्स्पेक्शनसारखी घेतली. येणार, डोकं खाणार, निघून जाणार. रुमाल बांधला नाही, टोपी घातली नाही. भेटायला आलेल्यांपैकी कुणी तिच्या डोक्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं, की म्हणायची, "रडायचं असेल तर बाहेरच्या खोलीत बसा. मला पेपर वाचायचाय."

पण चार महिन्यांनी नवे केस बोटभर झाले आणि एका सकाळी तिने मला आरशासमोर बोलावून घेतलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज असा, की वर्गात मीच पाल सोडलीय.

"केस आहेत, आई."

"ते मला दिसतंय. असे का आहेत?"

करडे, दाट, आणि प्रत्येक केस स्वतःच्या मर्जीने वळलेला. कानांच्या वर तर दोन छोट्या स्प्रिंगाच उभ्या राहिल्या होत्या. मी ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून बाहेर पडलं. आईने आरशातूनच माझ्याकडे असं बघितलं की मी एक्केचाळीस वर्षांची बाई, पण हात आपोआप मागे बांधले गेले.

मला हसू का आलं, ते सांगायला हवं.

मी बाबांवर गेले. बाबांचे केस म्हणजे कुणीतरी डोक्यावर स्प्रिंगांचा डबा उपडा केल्यासारखे. तेच माझ्या वाट्याला आले. आईचे केस काळेभोर, सरळ, आणि भांग पट्टीने आखलेला. माझं डोकं म्हणजे सासरच्यांनी मुद्दाम केलेला अपमान, असं तिचं पक्कं मत होतं. रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मला बसवून ती कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढायची. ते कसं वाटतं हे ज्याला कळत नसेल, त्याने लोकरीचा स्वेटर काटेरी तारेत अडकवून ओढून बघावा, आणि तो स्वेटर अंगावर नसून अंगातच आहे अशी कल्पना करावी. मी बोंबलायचे. बाबा पेपराच्या आड लपायचे. कंगव्याचे दोन-तीन दात रोज धारातीर्थी पडायचे. "तुमच्या घराण्यात सरळ असं काही नाहीच," आई पेपराला उद्देशून म्हणायची. मला 'झिपरी' हे नावही तिनेच ठेवलं, आणि ते असं चिकटलं की आजही माझ्या कामाच्या ठिकाणी फोन करून ती "झिपरी आहे का?" असंच विचारते. तिथले सगळेही आता तेच म्हणतात.

माझं काम लॅबमध्ये कवळ्या करण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं येतात, त्यावरून मी प्लास्टरचे साचे करते, मेणाच्या हिरड्या करते, दात बसवते. आईला कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर ती "वैद्यकीय क्षेत्रात आहे" म्हणते आणि विषय बदलते.

विशीत मी केस इस्त्रीने सरळ केले, औषधाने सरळ केले, एकदा तर मानेवर भाजूनही घेतलं. तिशी उलटल्यावर कंटाळले आणि जे आहे ते नीट ठेवायला शिकले. प्लास्टर आणि मेण यांच्यात दिवस काढणाऱ्या बाईला क्रीम आणि जेल समजायला वेळ लागत नाही. किती पाणी, किती लगदा, किती वेळ हात लावायचा नाही, सगळं तेच. गेली काही वर्षं माझे केस झकास आहेत. अनोळखी बायका रस्त्यात थांबवून विचारतात. आई मात्र दर रविवारी दार उघडल्या उघडल्या म्हणायची, "आज विंचरायला वेळ नाही झाला वाटतं?"

आणि आता हे. आता हिच्या डोक्यावर.

तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. "औषधांत काही अदलाबदल झालीय का? म्हणजे दुसऱ्या कुणाचं मला दिलं गेलं, असं?" डॉक्टरांनी समजावलं की केमोनंतर पुष्कळांचे केस कुरळे येतात, घाबरण्यासारखं काही नाही.

"किती दिवस राहणार?"

"सांगता येत नाही. काहींचे वर्षभर, काहींचे कायमचे."

आईने फोन ठेवला. भिंतीवर बाबांचा फोटो आहे. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "झालं समाधान?"

त्यानंतर तिने लढाई सुरू केली. केस ओले करून चापून बसवले. पिना लावल्या. झोपताना डोक्याला घट्ट पट्टा बांधला, तर सकाळी पट्ट्याच्या खाली सपाट आणि वर झाडू. केस जरा वाढले तसे ते जास्तच मोकाट सुटले. सकाळी नऊला ठीक दिसणारं डोकं दुपारपर्यंत फ्लॉवर व्हायचं. मी काही बोलायचे नाही. देवाशपथ सांगते, दाराशी उभं राहून "विंचरायला वेळ नाही झाला वाटतं?" हे वाक्य सहा रविवार मी गिळलं, आणि सातव्या रविवारी बोलले. तिने मला त्या दिवशी चहा दिला नाही.

अशात शाळेचं पत्र आलं. शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. मोठा समारंभ होता, जुने विद्यार्थी येणार होते, आणि माजी मुख्याध्यापिका म्हणून आईने दहा मिनिटं बोलायचं होतं. तीन दिवसांनी तिचा लॅबमध्ये फोन आला. माझ्या हातात कुणाचे तरी वरचे चौदा दात होते.

"एका मैत्रिणीला काही विचारायचंय," आई म्हणाली.

"कुठल्या?"

"तू नाही ओळखत."

"तुला चार मैत्रिणी आहेत, आई. मी चौघींना ओळखते. त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत."

"ही पाचवी आहे. नवीन आहे. तिचे केस एकाएकी कुरळे झालेत. तर ते... म्हणजे, तिला एका कार्यक्रमाला जायचंय."

मी दात खाली ठेवले. अशा वेळी माणसाने मोठं मन दाखवावं. मीही दाखवलं असतं, पण चाळीस वर्षांची उधारी होती. "तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, रविवारी दहा वाजता माझ्याकडे ये. केस विंचरू नकोस. आणि माझ्याशी नीट बोल."

रविवारी दहाला पाच कमी असताना मैत्रीण आली. हातात वही, दोन पेनं, आणि चेहरा असा की तिला जबरदस्तीने उजळणी वर्गाला पाठवलंय.

मी तिला बाथरूममध्ये खुर्चीवर उलटं बसवलं, केस धुतले, कंडिशनर लावून रुंद दातांच्या फणीने सोडवले. ती खांदे वर घेऊन बसली होती, कधी दुखतंय याची वाट बघत. दुखलं नाही. हळूहळू खांदे खाली आले. धुऊन झाल्यावर ती सवयीने टॉवेलकडे वळली, तर मी तो ओढून घेतला.

"टॉवेल नाही. केसांतून पाणी गळत असतानाच क्रीम लावायचं."

"कपडे भिजतील."

"भिजू देत. हे बघ, एवढं. वाटाण्याएवढं."

तिने वही उघडली. "कुठला वाटाणा? ओला की वाळलेला?"

"आई!"

"वीस विद्यार्थी असतील तर वीस जण वीस वाटाणे आणतील. माप नीट सांगावं."

मी चमच्याने मोजून दाखवलं. पाव चमचा. तिने लिहून घेतलं. मग दोन्ही तळहातांना क्रीम चोळून, हात जोडल्यासारखे करून, मधून केसांची बट वरून खाली सोडायची, हे दाखवलं. त्यावर जेल. जेल लावून केस खालून मुठीत गोळा करायचे आणि वर दाबायचे. "आवाज ऐक," मी म्हटलं. "चिखलातून चालल्यासारखा पचक-पचक आला पाहिजे. नाही आला तर पाणी कमी पडलंय."

तिने मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकलं. "डावीकडे येतोय. उजवीकडे नाही. परत कर."

मी परत केलं. कबूल करते, बाईंना कान आहे.

"आणि एक महत्त्वाचं," मी म्हटलं. "कुठलंही क्रीम आणि कुठलंही जेल एकत्र लावायचं नाही. आधी तळहातावर दोन्ही घेऊन चोळून बघायचं. एकजीव झालं तर उत्तम. पांढरे कण सुटले तर त्या दोघांचं पटत नाही."

"आमच्या स्टाफरूमसारखं," ती लिहिता लिहिता म्हणाली.

टॉवेलऐवजी मऊ सुती कापड लागतं. तिने पिशवीतून घडी केलेलं काहीतरी काढून दिलं. बाबांचा जुना बनियन. मी तिच्याकडे बघितलं. "मऊ आहे," ती म्हणाली. "फेकायचा राहिला होता." नऊ वर्षं राहिला होता. मी तो तिच्या डोक्याला गुंडाळला. जन्मभर ज्याच्या केसांना नावं ठेवली, त्याच्या बनियनचा फेटा बांधून ती माझ्या बाथरूममध्ये पंधरा मिनिटं बसली आणि फरशा नीट बसवलेल्या नाहीत असं मला सांगत राहिली.

मग ड्रायर. त्याच्या तोंडाला चाळणीसारखं पसरट भांडं लावायचं, त्यात केस अलगद बसवायचे, आणि हात लावायचा नाही. वाळल्यावर केस खळ दिल्यासारखे कडक झाले. आईने बोटाने टकटक केलं आणि तिचा चेहरा पडला.

"हे हेल्मेट आहे."

"आता ते फोडायचं. कोरड्या हाताने दाबत जा. हां. घाबरू नकोस."

तिने दाबलं. चुरचुर वाजत जेलचं कवच मोडलं आणि तिच्या डोक्यावर मऊ, गोल, करड्या लाटा सुटल्या. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. आईने आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

"बरे आहेत," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत हा शेरा तिने जेमतेम तीन-चार विद्यार्थ्यांना दिला असेल.

पुढच्या रविवारी ती परत आली, आणि म्हणाली की नुसतं बघून येत नाही, हाताला सवय हवी. स्वतःच्या डोक्याच्या मागचं दिसत नाही, म्हणून सरावाला दुसरं डोकं पाहिजे. दुसरं डोकं म्हणजे मी. मी खुर्चीवर बसले. ती मागे उभी राहिली. चाळीस वर्षांत तिचा हात माझ्या केसांना लागला नव्हता असं नाही, पण तो हात मी ओळखत होते. हा वेगळा होता. टोकापासून सुरुवात, एक एक गुंता बोटांनी सोडवत, फणी वर वर नेत. एका ठिकाणी केस अडकले, तशी ती थांबली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं.

"रडतेस काय? जेल गेलं का डोळ्यात?"

"हो," मी म्हटलं.

"जेल अजून लावलेलंच नाही," आई म्हणाली, आणि पुढचा गुंता सोडवायला लागली.

समारंभाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे मी सकाळीच तिच्या घरी जाऊन तिचे केस करणार होते. पण नेमकी आदल्या दिवशी लॅबमध्ये एक तुटलेली कवळी आली. एका गृहस्थांनी शिंकताना ती खिडकीबाहेर उडवली होती आणि समारंभाच्याच दिवशी संध्याकाळी त्यांना मुलीच्या लग्नात फोटो काढून घ्यायचे होते. दातांविना बापाला उभं करणं बरं दिसलं नसतं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "वही आहे. मी करते."

दुपारी मी टॅक्सी घेऊन तिच्या दाराशी पोचले. ती ठेवणीतले गडद निळे कपडे घालून पायरीवर उभी होती. केस देखणे झाले होते. अगदी माझ्यापेक्षा सरस. मी खरंच टाळ्या वाजवल्या. ती टॅक्सीत बसली, दार लावलं, आणि सवयीने केस मुठीत दाबले.

तिच्या खांद्यावर बर्फ पडला.

"आई," मी म्हटलं, "क्रीम कुठलं लावलंस?"

"तू दिलेलं संपलं होतं. उन्हासाठी लावायचं होतं घरात, ते लावलं. क्रीम ते क्रीम."

"तळहातावर बघितलंस का आधी?"

ती आपल्या तळहाताकडे बघायला लागली. शिक्षकाने गृहपाठ न केल्यावर जसा चेहरा होतो, तसा मी पहिल्यांदाच बघितला. तिच्या केसांच्या मुळाशी पांढरे कणच कण होते, आणि डोकं हललं की ते निळ्या कपड्यांवर उतरत होते. परत जाऊन धुवायला वेळ नव्हता. मी वाटभर तिचा खांदा झटकत होते. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "आमच्या आत्यालापण आहे कोंडा," तो म्हणाला, "लिंबू लावा."

"कोंडा नाहीये!" आई आणि मी एकदमच ओरडलो.

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. आईला स्टेजवर बसवलं, मी पहिल्या रांगेत, हातात रुमाल. तिच्या शेजारी प्रमुख पाहुण्या होत्या: शाळेचीच जुनी विद्यार्थिनी, आता शहराच्या अग्निशमन दलाची प्रमुख. पन्नाशीच्या आसपासची, अंगापिंडाने भक्कम, गणवेशात. आणि गणवेशाच्या टोपीखालून दोन्ही बाजूंनी दाट कुरळे केस फुटून बाहेर आलेले. टोपी काढून तिने मांडीवर ठेवली, तेव्हा मला कळलं की आज काहीतरी होणार. कारण आईने तिला ओळखलं होतं, आणि आई जागच्या जागी लहान झाली होती.

प्रमुख बाई बोलायला उठल्या. आवाज खणखणीत. आग लागलेल्या इमारतीत ऐकू जाईल असा.

"मी आठवीत होते," त्या म्हणाल्या. "वर्गाच्या फोटोचा दिवस होता. माझे केस बघून आमच्या बाईंनी मला बाहेर काढलं, अंगणातल्या नळाखाली माझं डोकं धरलं, आणि ते चपटं होईपर्यंत सोडलं नाही. त्या फोटोत सगळ्या मुली हसतायत आणि एक भिजलेली मांजर आहे. ती मी. पुढे मी पाण्याच्याच धंद्यात पडले. पण आता नळी माझ्या हातात असते."

सभागृह हसलं. प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. मी मागे वळून बघितलं, तर तीन रांगा टक लावून आईकडे बघत होत्या.

मग आईचं नाव पुकारलं.

ती उठली. माइकपाशी गेली. तिच्या हातात लिहून आणलेलं भाषण होतं, ते तिने उलटं करून ठेवलं. मान खाली घातली तसे दोन-चार पांढरे कण कागदावर पडले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला कोपर मारलं.

"हा कोंडा नाही," आई माइकवर म्हणाली. "क्रीम आणि जेल यांचं आपसात पटलं नाही. तळहातावर तपासून घ्यायचं असतं. मी घेतलं नाही. चूक माझी."

कुणाला काही कळेना.

"दुसरी चूकही माझीच," ती पुढे म्हणाली. "शाळेच्या नियमांत लिहिलंय, केस नीटनेटके असावेत. मी ते नियम आज सकाळी परत वाचले. नीटनेटके म्हणजे सरळ, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते मी पदरचं घातलं. आणि त्याच्या जोरावर मुलींना नळाखाली धरलं. एकीला नाही. मला आठवतात त्या सात." तिने पहिल्या रांगेकडे बघितलं. "आठवी घरात होती."

मी रुमाल खांदा झटकायला आणला होता. तो दुसऱ्या कामाला आला.

"आता माझे स्वतःचे असे झालेत," आई म्हणाली, "म्हणून मला अक्कल आली, हे काही भूषणावह नाही. आधी यायला हवी होती. एवढंच बोलायचं होतं. उरलेली आठ मिनिटं पुढच्या वक्त्याला द्या."

ती खाली बसली. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर आई खाली माझ्या शेजारी येऊन बसली, आणि प्रमुख बाई सरळ आमच्याकडे आल्या. आई उठून उभी राहिली. दोघी समोरासमोर, दोघींचे केस चहूबाजूंनी.

"बाई," त्या म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मी तुमच्यावर राग धरून आहे. आज काय काय ऐकवायचं ते पाठ करून आले होते. आता तुमच्या डोक्याकडे बघून मला काही आठवतच नाहीये."

"राग धर," आई म्हणाली. "तुझा हक्काचा आहे, मी तो सोड म्हणणार नाही. फक्त एक सांग. टोपी काढल्यावर तुझे केस असे राहतात कसे? जेल कुठलं लावतेस?"

प्रमुख बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या अशा हसायला लागल्या, की खुर्च्या उचलणारी माणसं थांबून बघायला लागली. "सर्वांसमोर नाही सांगत," त्या म्हणाल्या आणि आईला हाताला धरून बाजूला घेऊन गेल्या. मी लांबून बघत होते. आईने वही काढली होती.

त्यांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत नाहीत. पण महिन्यातून एकदा प्रमुख बाईंचा फोन येतो, नवी कुठली बाटली घेतली तर ती चांगली की फालतू हे सांगायला, आणि आई "फालतू" या शब्दावर त्यांना दर वेळी टोकते.

दीड वर्षाने तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले की सगळं स्वच्छ आहे. मी खुर्चीचा हात गच्च धरला. आई पुढे वाकली.

"ते झालं. पण हे बघा." तिने भांगापाशी केस बाजूला केले. मुळाशी दोन बोटं केस सरळ आले होते. तेच जुने, आखल्यासारखे. "हे काय चाललंय?"

"अहो, चांगलं लक्षण आहे," डॉक्टर म्हणाले. "शरीर मूळ पदावर येतंय."

"मी त्याला घाई करायला सांगितलं नव्हतं," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर मला वाटलं आपण कुठेतरी बसू, गळ्यात गळा घालू, रडू. एवढी मोठी बातमी होती. आई तरातरा चालत कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये शिरली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

"कुरळे करून हवेत," तिने सांगितलं.

पार्लरवाली पोरगी गोंधळली. "आजी, सगळे सरळ करून घ्यायला येतात."

"येत असतील. त्यांना येऊ दे. तू रोलर आण."

"आई," मी म्हटलं, "थोडं थांब, विचार कर, आज तुला डॉक्टरांनी..."

"तू जेलच्या बाटल्या बघ," ती म्हणाली. "आणि ही काय वापरते त्याचं नाव लिहून घे."

तीन तासांनी ती बाहेर आली. मी तिला खरं ते सांगितलं: ती मेंढीसारखी दिसत होती. तिने दुकानाच्या काचेत बघितलं आणि मला दुजोरा दिला. चार दिवसांनी ते जरा सैलावले, पाचव्या दिवशी तिने धुऊन, पाव चमचा क्रीम मोजून, पचक-पचक ऐकून बसवले, आणि मग बरे म्हणण्यासारखे झाले.

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, तर त्यांनी निरखून विचारलं, "हे तुमचे मूळचे का हो?"

"छे," आई म्हणाली. "मूळचे अगदीच कंटाळवाणे होते. बदलून घेतले."